पडद्यावरची सासू आणि आमच्या आत्या

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा म्हातारी झाले. नगरच्या एका हौशी नाट्यसंस्थेत तालमींना जायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. स्पर्धेच्या नाटकात एक आजी होती आणि ते काम करणाऱ्या बाईंच्या यजमानांची ऐनवेळी बदली झाली. आमचे दिग्दर्शक दिवसा बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी आमचे सर व्हायचे. त्यांनी हॉलमधल्या सगळ्या मुलींना एकच वाक्य म्हणायला लावलं, "अरे, कुणी दिवा लावा रे घरात." माझी पाळी आली. मी म्हटलं, आणि सर हसायलाच लागले. म्हणाले, "या मुलीच्या आवाजात आधीपासूनच नातवंडं आहेत."

माझा आवाज जाड आहे. शाळेत कविता म्हणताना बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या. त्या आवाजाचं कधी काही चांगलं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी जी म्हातारी झाले ती झालेच. माझ्या वयाच्या मुली नायिका व्हायच्या, दोन-तीन नाटकं करायच्या आणि लग्न होऊन पुण्याला जायच्या. मी केसांना पांढरी पावडर फासून, कपाळावर रेघा ओढून आजी, विधवा काकू, आंधळी शेजारीण, कोर्टात साक्ष द्यायला आलेली बाई असं काय काय करत राहिले.

सर कडक होते. तालमीच्या वेळी ते हॉलच्या शेवटच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसायचे. "मला तुम्ही दिसायची गरज नाही, ऐकू आलं पाहिजे," म्हणायचे. एखादा शब्द पोचला नाही की नुसता हात वर करायचे. रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायला त्यांनी मला आठवडाभर शिकवलं होतं. पेला जड लागला पाहिजे, पाणी घशाखाली उतरलं पाहिजे आणि शेवटचा घोट घेताना मान मागे गेली पाहिजे. मी घरी स्वयंपाकघरात उभी राहून रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायचे. आई म्हणायची, "अगं, माठात पाणी आहे की."

लग्नासाठी मला बघायला शेवगावकडची मंडळी आली. मुलगा नगरजवळ नागापूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. गावाकडे कोरडवाहू जमीन होती. माझ्या वडिलांना लपवाछपवी जमायची नाही. चहा झाल्याबरोबर ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मुलगी नाटकात काम करते." मुलगा आपल्या पायांकडे बघत बसला. मग त्याच्या आईने विचारलं, "नाटकात काय असतीस गं तू?"

मी म्हटलं, "म्हातारी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की त्या हसताहेत. "मग चालंल," म्हणाल्या. "म्हातारीला कोन बघतंय!"

त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. पुढच्या सगळ्या वर्षांत नाटकाच्या बाबतीत त्यांनी मला आडकाठी केली नाही. स्पर्धेचे दिवस आले की त्या गावाहून बाजरीचं पीठ, शेंगा आणि हिरव्या मिरच्या घेऊन एसटीने यायच्या आणि आमच्या लहान मुलीला सांभाळायच्या. मी एका शाळेत शिशुवर्गाला शिकवायचे. शाळेतून घरी, घरून तालमीला, तालमीहून परत, असं माझं चालायचं. नवऱ्याची पाळी असेल तसा तो मला स्कूटरवर आणायला यायचा आणि हॉलबाहेर उभा राहायचा. आत आला असता तर सरांनी त्याला पडदा ओढायला लावला असता, आणि तसं एकदा लावलंही होतं.

अशी बरीच वर्षं गेली. सिनेमा माझ्या डोक्यातही नव्हता. एका वर्षी आमचं नाटक बघायला एक तरुण दिग्दर्शक आला होता. त्याचा पहिलाच सिनेमा होता आणि शूटिंग आमच्याच जिल्ह्यात, पाथर्डीच्या बाजूच्या एका गावात होणार होतं. प्रयोगानंतर तो रंगपटात आला. मी खोबरेल तेल लावून कपाळावरच्या सुरकुत्या पुसत होते. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "आजींचं काम केलेल्या बाई गेल्या का?"

"त्याच बसल्यात," सर म्हणाले.

काम लहान होतं. तहसील कचेरीच्या पायरीवर एक बाई बसलेली आहे. नायक तिला विचारतो की कधीपासून बसलात. ती उत्तर देते. एवढंच. मी ते वाक्य आठवडाभर घोकलं. शूटिंगच्या दिवशी पायरीवर बसले, कॅमेरा सुरू झाला आणि मी सरांच्या शेवटच्या बाकासाठी असतं तसं खणखणीत वाक्य टाकलं. समोर आवाज रेकॉर्ड करणारा मुलगा बसला होता. त्याने कानावरचे हेडफोन झटकन काढले आणि कान चोळायला लागला. मागे झाडावरचे बगळे उडाले. नायक झालेला मुलगा हसू दाबत होता.

दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन पायरीवर बसला. "ताई," म्हणाला, "फार छान. पण तुम्ही हे गावाला सांगताय. मला सांगा ना. मी तुमच्याशेजारीच बसलोय."

पुन्हा केलं. अजून मोठं होतं. पुन्हा केलं. शेवटी तो म्हणाला, "आता बोलूच नका. तो विचारेल, तुम्ही फक्त ऐका." मी ऐकलं. उन्हाने डोळे बारीक झाले होते. पायरी तापली होती. नायकाने विचारलं, कधीपासून बसलात? मला खरंच वाटलं की कधीपासून बसलेय मी इथे, आणि माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघालं. इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही. आवाजवाल्या मुलाने अंगठा वर केला.

संध्याकाळी घरी येताना गाडीत मला रडू येत होतं. चांगलं झालं म्हणून नाही. जे आयुष्यभर कमावलं ते इथे उपयोगाचं नाही असं वाटून. सिनेमा नगरला लागला तेव्हा सर बघायला आले होते. थिएटरच्या बाहेर मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही असं म्हणतील या भीतीने. सर म्हणाले, "एवढी वर्षं मी तुझ्याकडे पाठ करून तुला ऐकत होतो. आज पाहिलं." मग म्हणाले, "बरी दिसतेस की."

त्यानंतर कामं येत गेली. मोठी नव्हेत. कुणीतरी हवं असतं ना, दार उघडणारं, वाईट बातमी आणणारं, दवाखान्याच्या बाकावर बसलेलं, तशी. मी हवालदाराची आई झाले, सरपंचाची बायको झाले, नायिकेला गावातून हाकलणारी बाई तर तीन वेगवेगळ्या सिनेमांत झाले. शाळेतून सुटी मिळेल तेवढीच कामं घ्यायचे. सिनेमा संपल्यावर नावं येतात ती इतक्या भरभर वर जातात की माझं नाव आमच्या घरात फक्त नवऱ्याला सापडायचं. तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहायचा आणि नाव आलं की काचेवर बोट ठेवायचा. आम्ही बघेपर्यंत ते बोटाखालून निघून गेलेलं असायचं.

शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मालिकेसाठी फोन आला. रोजची मालिका, मोठं काम, नायिकेची सासू. शूटिंग मुंबईबाहेर एका बंगल्यात, महिन्यातले पंधरा-वीस दिवस तिकडे राहायचं. तोवर मामंजी गेले होते, आत्यांचे गुडघे दुखायला लागले होते म्हणून त्या आमच्याकडे नगरलाच राहायला आल्या होत्या. मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "आत्यांचं कसं होईल? तुमचं जेवणखाण?"

आत्या आतून ओरडल्या, "त्याला मी आदी जेवू घातलंय का तू? जा गपचिप."

अशी मी उतारवयात घराबाहेर पडले. तिथे एका मेकअपच्या खोलीत मी आणि माझी सून झालेली मुलगी अशा दोघी असायचो. विदर्भातली मुलगी, माझ्या लेकीपेक्षाही लहान, मला मावशी म्हणायची. कॅमेऱ्यासमोर मी तिला दिवसभर छळायचे आणि मधल्या वेळेत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. तिचं जेवण म्हणजे डब्यातल्या उकडलेल्या भाज्या. नायिका होती, जाड होऊन चालायचं नाही.

मालिकेतली सासू फार वाईट होती. सुनेला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवायची, आणि ती बसली की काहीतरी काम सांगून उठवायची. हे लोकांना इतकं आवडलं की लेखकाने ते पुन्हा पुन्हा लिहायला सुरुवात केली. ताट वाढलं जायचं, घास तोंडाशी जायचा आणि मी दारात उभी राहून तिला हाक मारायचे. नगरला आले की भाजीवाल्या बायका मला कोथिंबीर देताना म्हणायच्या, "त्या पोरीला देनार का पन तुमी?" मी हसायचे. गंमत वाटायची.

आत्यांना मात्र गंमत वाटत नव्हती. त्या रोज संध्याकाळी मालिका बघायच्या. मी घरी असले की शेजारी बसून बघायच्या, नसले की दुसऱ्या दिवशी फोनवर विचारायच्या, "आज तरी जेवू घालनार का तिला?"

मी म्हणायचे, "आत्या, ते माझ्या हातात नाही. लेखक लिहितो तसं करावं लागतं."

"मग त्याला सांग."

"असं सांगता येत नाही हो."

"का? त्याला आई न्हाई व्हय?"

आत्यांना नाटक कळत नव्हतं असं कुणी समजू नये. जत्रेत रात्र रात्र तमाशे बघितलेली बाई ती. पडद्यावरची बाई वेगळी आणि मी वेगळी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा मी सुटीवर घरी आले होते. दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी त्यांना समजावत म्हटलं, "आत्या, ती मुलगी खरंच उपाशी नसते. सीन झाला की आम्ही एकत्र जेवतो. ते सगळं खोटं असतं."

आत्या शेंग फोडता फोडता थांबल्या. "खोटं हाय ते मला ठावं हाय," म्हणाल्या. "पन खोट्यातबी किती दिस उपाशी ठिवायचं मानसाला?"

मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. लग्न होऊन आल्या त्या वर्षी दुष्काळ होता. पाऊस नाही, रान नुसतं पडलेलं. घरातली सगळी माणसं ऊसतोडीला गेली, यांनाही नेलं. नवी नवरी, कोयता हातात धरायची सवय नाही. फडात त्यांची सासू दुपारची भाकरी सगळ्यांना वाटायची, यांना शेवटी. उरली तर.

"तुम्ही कधी काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"काय म्हननार? तिलाबी कुटं पुरत हुतं." त्यांनी शेंगदाणे सुपात टाकले. "एक दिस माज्या अंगात लई ताप हुता. कोयता उचलंना. दुपारच्याला समदी जेवाया बसली. तिनं तिच्या वाट्याची भाकर मोडली, मोटा तुकडा माज्या हातावं ठिवला, आन त्वांड फिरवून मोळ्या बांधाया निगून गेली. बोलली काईच न्हाई."

"मग?"

"मग काय? खाल्ली मी."

एवढंच सांगून त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. इतकी वर्षं एका घरात राहून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. नवऱ्याला विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हती. तो एवढंच म्हणाला, "आजी आम्हा पोरांवर लई ओरडायची. आई तिला कधी उलटून बोलायची नाही."

पुढे काही महिन्यांनी मालिकेतल्या माझ्या सुनेला शेवगावातल्या एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन करायला बोलावलं. तिने मला फोन केला, "मावशी, मी तुमच्या गावाकडे येतेय. परत जाताना नगरला तुमच्या घरी येऊ?" मी तेव्हा घरीच होते. ही बातमी आत्यांना सांगितली, आणि त्या दिवशी घराचा ताबा त्यांनी घेतला. गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीत बसून भाजी निवडणारी बाई सकाळपासून ओट्याशी उभी होती. हुलग्याचे शेंगोळे, ठेचा, दह्याची वाटी, बाजरीच्या भाकऱ्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू बाजूला व्हय. तुज्या हातचं तिला नगं."

मुलगी आली ती उद्घाटनाच्या भरजरी साडीतच. गाडीचा चालक, दुकानाने बरोबर दिलेला माणूस, मागून गल्लीतल्या सगळ्या बायका. आत्यांनी दारातच तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आत आणून थेट पाटावर बसवलं. ती म्हणाली, "आजी, मी दुपारी थोडं खाल्लंय हो."

"खरं सांग. ही तुला जेवू घालती का न्हाई?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत खट्याळपणा चमकला. मग तिने मान खाली घातली, मालिकेतला तो सोशिक चेहरा केला आणि पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "नाही ना आजी. फार छळतात मला."

"ऐक!" आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. दारातल्या बायका खो खो हसल्या. नवरा हसता हसता भिंतीला टेकला. आत्याही हसल्या, पण हसताना त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि तिच्यासमोर बसून राहिल्या. ती पहिला घास घेईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. मुलीच्या ते लक्षात आलं. तिचा मघाचा चेहरा गेला. ती जेवायला लागली आणि जेवतच राहिली. उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढणारी ती पोर भाकरीवर भाकरी मागून घेत होती. ठेच्याने नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना. जाताना आत्यांच्या पाया पडली तेव्हा आत्या तिच्या कानात काहीतरी बोलल्या. काय ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

सेटवर परत गेल्यावर मुलीने ही सगळी हकीकत लेखकाला सांगितली, आणि मी तिला कधीतरी सांगितलेलं आत्यांचं ते वाक्यही. लेखक म्हणजे सदा फोनवर टाइप करत बसलेला एक दमलेला तरुण. तो ऐकून थांबला. "त्या काय म्हणाल्या? खोट्यातबी किती दिवस उपाशी ठेवायचं?" त्याने ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. संक्रांतीसाठी त्याला काहीतरी वेगळं हवंच होतं. दोन दिवसांनी माझ्या हातात कागद आले. त्यात सुनेला ताप आहे आणि सासू तिला जेवायला वाढते असा सीन होता. तापाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेंगा फोडताना ऐकलेली ती फडातली गोष्ट मी बाहेर कुणालाच सांगितलेली नव्हती. लेखकाला आपलं कारण लागतं, त्याने ताप लिहिला. मी ते वाचून किती तरी वेळ कागद मांडीवर ठेवून बसले.

सीनमध्ये सासूला मोठं भाषण होतं. मीही कधी सून होते, मलाही भूक लागायची, असं काय काय. मी दिग्दर्शकाकडे गेले. म्हटलं, "एकदा बोलल्याशिवाय करून बघू का?"

तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "ताई, भाषणाचा क्लोजअप लागणारच आहे. पण एकदा करा तुमच्या मनासारखं."

मी ताट घेऊन खोलीत गेले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मी ताटातली भाकरी मोडली, मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि वळले. कॅमेऱ्याला माझी पूर्ण पाठ. सर तिथे असते तर काहीच ऐकू येत नाही म्हणून त्यांनी हात वर केला असता. माझ्या समोर फक्त सेटची रंगवलेली भिंत होती आणि तिच्यावर टांगलेलं खोटं कॅलेंडर. त्या भिंतीकडे बघत मी उभी राहिले. मागे तिने घास मोडल्याचा आवाज आला. मला वळून बघावंसं वाटत होतं आणि बघवत नव्हतं. आत्यांच्या सासूला मी कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधीच ती गेली. पण ती मोळ्या बांधायला का निघून गेली असेल ते मला त्या भिंतीसमोर उभं राहून कळलं. थांबली असती तर तिला रडू आलं असतं, आणि फडात कुणाला रडायला वेळ होता?

दिग्दर्शक कट म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला. मग म्हणाला, "भाषण राहू द्या."

तो भाग लागला तेव्हा मी घरी होते. आत्या खुर्ची ओढून टीव्हीच्या जवळ बसल्या. मी जरा मागे, दाराशी. संगीत फार लावलं होतं, बासरी आणि काय काय, पण पाठ ठेवली होती. भाकरीचा तुकडा मुलीच्या हातावर पडला. जाहिराती लागल्या तेव्हा आत्या वळून मला म्हणाल्या, "ती भाकर न्हवं. चपाती हाय ती."

खरंच चपाती होती. सेटवर बाजरीची भाकरी मिळाली नव्हती, म्हणून सेटवरच्या वस्तू पुरवणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने जाड चपाती भाजून दिली होती. सगळ्या महाराष्ट्रात ते आत्यांच्याच लक्षात आलं असेल. मी म्हटलं, "हो आत्या, चपातीच होती." त्यांनी मान हलवली. मग त्यांनी हात मागे केला, मी पुढे होऊन तो धरला, आणि जाहिराती संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो.

दुसऱ्या दिवशी गावाहून त्यांच्या जावेचा फोन आला. मी आत पीठ मळत होते. आत्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनवर मोठ्याने बोलतात. "बगितलं का? वाडलं का न्हाई आमच्या सुनंनं तिला? व्हय! मीच सांगितलं हुतं. त्यो लिवनारा काय, सांगितल्यावं ऐकतोय मानूस."

हे सुख फार टिकलं नाही. चांगली सासू लोकांना बघवेना. पंधरा दिवसांत मालिकेतली सासू पुन्हा पहिल्यासारखी झाली, आणि आत्यांनी माझ्याशी एक पूर्ण दिवस अबोला धरला. पुढे वर्षभराने मालिका एका आठवड्यात गुंडाळली गेली, तशा त्या गुंडाळल्या जातातच. सगळ्यांची भांडणं मिटली, सगळे एका फोटोत उभे राहिले. सून झालेली मुलगी आता हिंदीत काम करते. दिवाळीला तिचा फोन येतो तो मला नसतो, आत्यांना असतो. सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी माईक बाजूला ठेवला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले.

आता मी सिनेमातली छोटी कामं करते, नगरमध्येच नव्या मुलांबरोबर नाटक करते. केसांना पावडर लागत नाही. परवा शेवगावजवळच्याच एका गावात एका सिनेमाचं शूटिंग होतं. मी नवऱ्या मुलाची आजी. लग्नाचा सीन होता आणि माणसं हवी होती. मी दिग्दर्शिकेला विचारून आत्यांना बरोबर नेलं. वय ऐंशीच्या पुढे, पण नवं लुगडं नेसून त्या पहाटेच तयार झाल्या होत्या. मांडवात बायकांच्या घोळक्यात त्यांना पुढेच खुर्ची दिली. सहायक मुलगी येऊन नम्रपणे सांगून गेली, "आजी, फक्त कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हं."

शॉट सुरू झाला आणि आत्यांनी पहिल्याप्रथम कॅमेऱ्याकडे बघितलं. चांगलं रोखून.

"आजी, तिकडे नाही ना बघायचं!"

"आगं, त्योच मला बगाय लागलाय," आत्या म्हणाल्या. "मी त्याला बगू नगं व्हय?"

पुन्हा शॉट घेतला, पुन्हा तेच. मला हसू आवरेना, आणि मला हसताना बघून नवरा मुलगा हसायला लागला. शेवटी दिग्दर्शिकेने त्यांची खुर्ची जरा तिरकी करून घेतली, म्हणजे त्यांचा चेहरा माझ्याकडे झाला. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अक्षता पडताना मी माझ्या नातवाकडे बघायचं होतं, पण माझंही लक्ष मधूनच त्यांच्याकडे जात होतं. दिग्दर्शिकेने ते तसंच ठेवलं. म्हणाली, "दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघताहेत, छान आहे."

परतताना गाडीत आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी वेचायला आली होती. त्यांनी विचारलं, "कदी लागनार हाय ह्यो पिच्चर?"

"वर्षभर तरी जाईल, आत्या."

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "मला कुटं जायचंय?"

वारा लागत होता. मी त्यांच्या बाजूची काच वर केली.